राहत्या घराची सवलत

१

रोझलिन रुमाव यांचा मोबाइल ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता, पर्स पलंगावर होती, बाल्कनीतल्या दोरीवर एक गाऊन आणि दोन पंजाबी ड्रेस वाळत होते. नव्हत्या त्या फक्त रोझलिनबाई.

विरारच्या ‘पारिजात’ सोसायटीतलं दुसऱ्या मजल्यावरचं हे घर शेजारच्या मनोरमाकाकूंनी आपल्याकडच्या चावीने उघडून दिलं, तेव्हा शनिवारची दुपार कलायला लागली होती. पोलीस उपनिरीक्षक मीरा चुरी आत शिरली. तिच्यामागे रोझलिनची धाकटी बहीण फेलिशिया होती. फेलिशियाने पर्स उघडली, आतलं इन्सुलिनचं पेन हातात घेतलं आणि मीरासमोर धरलं.

“हे सोडून ती फाटकापर्यंतसुद्धा जात नाही, मॅडम,” ती म्हणाली. “साखर चढली की तिला उभं राहवत नाही. लवकर बघा काहीतरी.”

तक्रार फेलिशियानेच शुक्रवारी दिली होती. बहीण फोन उचलत नाही म्हणून ती आगाशीहून इथे आली, दार वाजवून वाजवून थकली, शेजारीही कोणी नव्हतं, आणि ती थेट पोलीस ठाण्यात गेली. ठाण्यातून नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, आम्ही वेगळे राहतो, मला काय माहीत. एवढ्यावर ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की नवऱ्यानेच काहीतरी केलंय, संध्याकाळी त्याला उचलायचं. मीराला तीच घाई नको होती. नवऱ्याला आत घेतलं की ठाण्यातले सगळे जिवंत बाई शोधायचं सोडून प्रेत शोधायला लागतील, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

“काकू, तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलं?”

“गुरुवारी संध्याकाळी,” मनोरमाकाकू झटकन म्हणाल्या. “इथेच राहते ना ती. एकटीच असते बिचारी. दारात उभं राहून आम्ही बोंबलाच्या भावाबद्दल बोललो. आत दिवा होता, कपडे वाळत होते.” त्यांच्यामागे त्यांचे यजमान श्रीरंगकाका मान डोलवत होते. काल हवालदारालाही दोघांनी अगदी हेच सांगितलं होतं.

तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी कौस्तुभ जिना चढून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल, चेहऱ्यावर काळजी. मीराने काही विचारायच्या आत त्याने सांगून टाकलं, “मी गुरुवारी पहाटेच नाशिकला गेलो होतो मॅडम, मामाकडे कार्य होतं. आज सकाळी आलो. काल असतो तर मीच या ताईंना दार उघडून दिलं असतं.” आणि त्याने नाशिकचे फोटोही दाखवले, न मागता.

मीराने घर पाहिलं. येशूच्या तसबिरीवर धूळ होती, हॉलमधल्या टीपॉयवर धूळ होती, आणि आतल्या खोलीची फरशी मात्र लख्ख पुसलेली होती. फिनेलचा वास नाकात जात होता. बाई एकटी राहते आणि एकच खोली पुसते, हे मीराच्या काही डोक्यात बसेना. ती बाल्कनीत गेली, गाऊनचे चिमटे काढले आणि कापड उलटसुलट करून पाहिलं.

उन्हाने गाऊनचा निळा रंग पार उडाला होता. फक्त चिमट्यांच्या जागी दोन ठसठशीत निळे ठिपके शिल्लक होते. पंजाबी ड्रेसचंही तेच. महिनोन् महिने हे कपडे त्याच दोरीवर, त्याच चिमट्यांत टांगलेले होते. ते कोणी धूत नव्हतं आणि कोणी घालतही नव्हतं.

२

नंदाखालला केळीच्या वाडीत फेबियन रुमाव ओट्यावर बसला होता. साठीच्या आसपासचा माणूस, दाढी वाढलेली. शेजारी त्याचा धाकटा भाऊ स्टीवन होता.

“आम्ही वेगळे राहतो, मॅडम. तीन वर्षं झाली,” फेबियनने सुरुवात केली.

“पाणी द्याल का थोडं?” मीरा म्हणाली, आणि तो उठायच्या आत स्वतःच स्वयंपाकघरात गेली. फ्रिज उघडून बाटली काढली आणि दार तसंच उघडं ठेवून त्याला हाक मारली. फ्रिजच्या दारात इन्सुलिनची खोकी नीट रचून ठेवलेली होती.

“सोडून गेलेल्या बायकोची औषधं इतकी जपून ठेवणारा नवरा मी आजच पाहिला,” ती म्हणाली. “फेबियनभाऊ, वेळ नाही माझ्याकडे. तिच्याकडे तर त्याहून कमी आहे.”

फेबियनचा चेहरा पडला. मग सगळं बाहेर आलं. आपण स्वतः राहतो त्या घराला घरपट्टीत सवलत मिळते. पण नवरा-बायको म्हणजे एक कुटुंब, त्यामुळे घरं दोन असली तरी सवलत एकाच घराला. नंदाखालचं घर त्याच्या नावावर, विरारचा फ्लॅट रोझलिनच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने हौसेने घेतलेला. दोघं वेगळे राहत असले तर मात्र दोन घरं, दोन कुटुंबं आणि दोन सवलती. म्हणून कागदावर ते वेगळे झाले होते. प्रत्यक्षात ती एक रात्र कधी फ्लॅटवर राहिली नव्हती.

“सगळेच करतात मॅडम,” तो पुटपुटला.

“मग या वेळी का गेली?”

“पालिकेची माणसं बघायला येणार होती, गुरुवार-शुक्रवारी. कोण कुठे राहतं ते. मी म्हटलं, दोन दिवस जाऊन राहा.” तो जमिनीकडे बघत होता. “तिला नको होतं ते. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण शिकवते ती. मागच्या रविवारी मिस्सानंतर कोणीतरी तिला विचारलं, खरंच सोडलंस का फेबियनला? घरी येऊन रडली. म्हणाली, बंद करू हे. मी म्हटलं, अजून एक वर्ष. त्यावरून वाजलं आमचं.”

“आणि काल ठाण्यातून फोन आला तेव्हा?”

“मला वाटलं, रुसली असेल. पोलिसांना खरं सांगितलं आणि ते पालिकेला कळलं तर...” मीराला त्याची कीवही आली आणि त्याच्या मुस्काटात द्यावीशीही वाटली. यातलं जास्त काय वाटलं, ते तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

स्टीवनकडे वळून तिने विचारलं, “तुमचं काय भांडण होतं वहिनीशी?”

“फेलिशियाने सांगितलं वाटतं,” स्टीवन कडवट हसला. “कळंबला माझी कॉटेजेस आहेत. तिथल्या कामगारांना झोपायला मी फ्लॅटची चावी मागितली. ती नाही म्हणाली. तिथे पुरुष दिसले तर सवलत जाईल म्हणे. रिकाम्या घराची एवढी राखण. मीही बोललो चार शब्द. पण गुरुवार-शुक्रवार मी कळंब सोडलं नाही. तिथल्या पाहुण्यांना विचारा.”

“आणि बुधवारी?”

“बुधवारी इथेच होतो. शेजारी माझ्या घरात, एकटा. बुधवारचं काय?”

“तेच तर,” फेबियन म्हणाला. “बुधवारी संध्याकाळी धर्माच्या रिक्षाने गेली. त्यानंतर तिने माझा एकही फोन उचलला नाही.”

मनोरमाकाकू तर गुरुवारी तिच्याशी बोंबलाच्या भावाबद्दल बोलल्या होत्या. म्हणजे एक तर घरात फोन वाजत होता, बाई दारात गप्पा मारत होती आणि फोन उचलत नव्हती, असं झालं होतं. नाहीतर दोघांपैकी एकजण धडधडीत खोटं बोलत होता.

३

धर्मा मूळचा कळंबचा, कोळ्याचा. मासेमारी सोडून रिक्षा चालवायला लागल्याला बरीच वर्षं झाली होती. त्याने नाक्यावर रिक्षा बाजूला घेतली.

“बुधवारी मीच सोडला बाईंना,” तो म्हणाला. “सबंध रस्ताभर घाई करीत होत्या. बोलल्या, धर्मा, पानी यायच्या आत पोचव. ड्रम भरला नाय तर रातीला हात धुवायला पन पानी नाय.”

“पोचल्या का वेळेवर?”

“जरा उशीरच झाला. गेटवर उतरल्या तवा वॉचमन टाकीचा वॉल्व फिरवीत होता. बाई तशाच धावत जिन्याने गेल्या.”

“जिन्यात कोणी भेटलं?”

धर्मा हसला. “पान्याच्या टायमाला जिन्यात कोन असनार, मॅडम? समदी घरात नलाखाली. गेटवरून पन कोनी बाहेर आला नाय. मी तिथंच उभा होतो भाड्यासाठी, पानी बंद होऊन रात पडेपर्यंत.”

मीराने तिथूनच गाडी वळवायला लावली. विरारमध्ये वाढलेल्या माणसाला जे पहिल्या मिनिटाला सुचायला हवं होतं, ते आपल्याला दुपारी सुचलं नाही, याचा तिला मनस्वी राग आला. ‘पारिजात’मध्ये संध्याकाळी अर्धा तास पाणी सोडतात. त्या अर्ध्या तासात भरून घेतलं नाही, तर पुढचा दिवस काढणं अशक्य.

दुसऱ्या मजल्यावर पोचून तिने रोझलिनच्या बाथरूमचं दार ढकललं. कोपऱ्यात निळा ड्रम होता. तिने झाकण उचललं. तळाला कोरडी धूळ होती आणि कडेने कोळ्याने जाळं विणलं होतं. दोन्ही बादल्याही कोरड्या होत्या.

पाणी भरायला धावत वर आलेल्या बाईने थेंबभरही पाणी भरलेलं नव्हतं. याचा अर्थ ती या घरात गुरुवारी तर नव्हतीच, पण बुधवारी तिला नळापर्यंतही जाता आलं नव्हतं.

४

“काकू, बोंबील काय भावाने होते?”

मनोरमाकाकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. मीराने तो गाऊन त्यांच्यासमोर सोफ्यावर पसरला आणि त्या दोन निळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. काही बोलायची गरजच उरली नाही. काकूंनी पदर डोळ्याला लावला.

“मला वाटलं, तो पालिकेचा माणूस,” त्या म्हणाल्या. “साध्या कपड्यात होता, खांद्याला पिशवी. त्याच दिवशी ते येणार होते. रोझलिनने शिकवलं होतं तसं मी बोलून गेले. मग कळलं, पोलीस होता. तोवर तोंडातून गेलेलं होतं.”

“बोंबीलही तिनेच शिकवले?”

“ते माझ्या मनाचे,” काकू रडवेल्या झाल्या. “नुसतं राहते म्हटलं तर खरं वाटत नाही ना.”

“आणि आज? आज तर मी वर्दीत आले होते.”

श्रीरंगकाका पुढे झाले. “आज चुकलं आमचं. पण मॅडम, आमचाही नालासोपाऱ्यात हिच्या नावावर फ्लॅट आहे. तिकडे हिचे कपडे वाळत घालतात, इकडे आम्ही दुसऱ्यांचे. संध्याकाळी दिवा लावायचा, दाराला अडकवलेल्या जाहिराती काढायच्या. शेजारधर्म म्हणून चालतं सगळं. कौस्तुभनेच बसवून दिलं हे. चावी एक शेजाऱ्याकडे, एक त्याच्याकडे.”

“आणखी कोणाकोणाची घरं आहेत अशी?”

काका मान खाली घालून बसले. “नावं मी सांगणार नाही. माणसं विश्वासाने बोलली आहेत.”

मीराला हसावं की ओरडावं कळेना. इथे एक बाई मरणाच्या दारात होती आणि शेजारधर्म अजून पाळलाच जात होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंदाखालहून फेबियनला ठाण्यात आणलं होतं. साहेब म्हणाले, उद्या सकाळी वाडीतल्या बावखलाच्या तळ्यात पाणबुडे उतरवू.

ती जिन्यात येऊन कठड्याला टेकली आणि बरोबरच्या हवालदाराला हळू आवाजात म्हणाली, “गुरुवार विसरून जा. गुरुवार झालाच नाही. मग ज्याने ज्याने गुरुवार-शुक्रवारचा हिशोब दिला, त्याचा काही उपयोग नाही. स्टीवनचा कळंबचा नाही, कौस्तुभचा नाशिकचा नाही. प्रश्न बुधवारचा, पाण्याच्या वेळेचा.”

“मग स्टीवन?”

“त्याला चावी मिळालीच नाही, भांडण त्यावरूनच झालं. फेबियनचं म्हणशील, तर त्याला सवलत टिकवायला बायको फ्लॅटमध्ये जिवंत दिसायला हवी होती. हरवून त्याचा काय फायदा? रिकाम्या घराची चावी होती काकूंकडे, आणि दुसरी त्याच्याकडे जो दुपारी मला म्हणाला, मीच दार उघडून दिलं असतं. तेव्हा माझ्या कानावरून गेलं ते. घरात कोणी राहत नाही, पण सगळे शपथेवर सांगतात की राहतं. काही लपवून ठेवायला याच्याइतकी चांगली जागा नाही. माल आत-बाहेर करायचा पाण्याच्या वेळी, जिना ओस असताना. आतल्या खोलीत होता तो माल. म्हणून तेवढीच खोली पुसली. आणि बुधवारी नेमकी त्याच वेळी घराची मालकीण धावत वर आली. पर्स पलंगावर आणि फोन चार्जिंगला त्यानेच ठेवला, बाई घरात राहते असं दिसावं म्हणून.”

“पण बाईंना नेलं कुठे? काल आम्ही प्रत्येक मजल्यावर विचारलं.”

“गेटवर वॉचमन होता, धर्मा होता. बाहेर कोणी गेलं नाही. ती इथेच आहे. तुम्ही बंद दारं दिसली तिथे काय केलंत?”

हवालदार ओशाळला. “शेजाऱ्यांना विचारलं. राहतात, कामाला गेलेत, म्हणाले.”

खालच्या अंगणात वॉचमनने वॉल्व फिरवला. नळांतून हवा खाकरली आणि सगळी इमारत एकदम पाण्याच्या आवाजाने भरून गेली.

५

मीरा वर चढायला लागली, प्रत्येक दाराशी कान देत. एका दारामागे पाणी बादलीत पडत होतं, दुसऱ्यामागे पिंपात, तिसऱ्यामागे पातेल्यांची आदळआपट आणि कोणीतरी कोणाला तरी लवकर हंडा दे म्हणून ओरडत होतं. रिकाम्या घरात कपडे वाळत घालता येतात, दिवाही लावता येतो. पाणी मात्र कोणी भरत नाही. ज्या दारामागे शांतता असेल, ते दार फोडायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

“काही हवंय का मॅडम?” मागून कौस्तुभचा आवाज आला. तो धापा टाकत वर येत होता.

ती काही न बोलता तिसऱ्या मजल्यावर पोचली. उजवीकडच्या दारावर क्षितिजा आणि आयुष अशी पाटी होती. तिने कान लावला आणि तिचा अंदाज चुकला. आतून पाण्याचा आवाज येत होता.

ती पुढे जाणार होती. पण तिचे पाय अडले. तिने पुन्हा कान लावला, डोळे मिटून. पाणी बादलीत पडत नव्हतं, पिंपात पडत नव्हतं. दाराला लागून असलेल्या बाथरूममध्ये एक बारीक धार नुसती फरशीवर पडत होती, पडतच होती, आणि ती कोणी भांड्यात धरत नव्हतं. या गावात तान्ह्या पोराला अंघोळ घालतानासुद्धा खाली परात ठेवतात.

“क्षितिजा मॅडम इथेच राहतात,” कौस्तुभ म्हणाला. “कामाला गेल्यात. रात्री उशिरा येतात.”

“असं?” मीरा वळली. “मग नळ कोणी सोडलाय?”

त्याने जिन्याकडे पाहिलं. जिन्यात हवालदार उभा होता. कौस्तुभने खिशातून चाव्यांचा जुडगा काढला. तो मीराने घेतला आणि कुलूप स्वतःच उघडलं.

हॉलमध्ये छताला टेकतील अशी गुटख्याची खोकी रचलेली होती. बाथरूमला बाहेरून कडी होती. आत नळाखाली, ओल्या फरशीवर, खोकी बांधायच्या चिकटपट्टीने हातपाय बांधलेल्या रोझलिनबाई कुशीवर पडल्या होत्या. खांद्याने त्यांनी नळाचा दांडा फिरवला होता. डोळे अर्धवट उघडे होते. मीराने त्यांच्या मानेला बोटं लावली.

नाडी लागत होती.

“मला मारायचं नव्हतं त्यांना,” मागे कौस्तुभ म्हणत होता. “त्या ओरडायला लागल्या, मी ढकललं, डोकं आपटलं. मला काही सुचेना. म्हणून नाशिकला गेलो.” मीराने मागे वळूनही पाहिलं नाही. ती ओंजळीने रोझलिनबाईंच्या ओठांवर पाणी सोडत होती आणि हवालदाराला अँब्युलन्ससाठी ओरडत होती.

६

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. पलंगाच्या एका बाजूला फेलिशिया होती, दुसऱ्या बाजूला स्टुलावर फेबियन. त्याने ते तीन दिवस कपडेही बदललेले नव्हते.

रोझलिनबाईंचा आवाज फाटला होता, पण शब्द नीट येत होते, शिक्षिकेचे.

“तोंडाची पट्टी मी नळाखाली भिजवून भिजवून सोडवली,” त्या मीराला सांगत होत्या. “पण ती निघाली शनिवारी. तोवर ओरडायला अंगात काही उरलं नव्हतं. शुक्रवारी मात्र मी पूर्ण जागी होते. दाराशी कोणीतरी आलं. बेल वाजवली. मी ओळखलं, मलाच शोधायला आलंय. पाय आपटले, पण ओल्या फरशीवर आवाज होईना. मग त्यांनी शेजारणीला विचारलं, इथे कोण राहतं? ती म्हणाली, राहतात ना क्षितिजा मॅडम, एकट्याच असतात, कामाला गेल्यात.” त्यांनी डोळे मिटले. “किती छान सांगितलं तिने. मी मनोरमाताईंकडून पाठ करून घेतलं होतं, अगदी तसंच. आणि ते गेले निघून.”

मीराला वाटलं आपण आता उठावं, पण उठणंही बरं दिसेना.

“मी फोन करत होतो तुला,” फेबियन म्हणाला.

“फेलिशियाने सांगितलं मला,” रोझलिनबाई म्हणाल्या. “ठाण्यातून तुला विचारलं तेव्हा तू काय बोललास, तेही सांगितलं. त्या शेजारणीला माहीत नव्हतं, दाराच्या आत कोण आहे. तुला माहीत होतं, फेबियन, हरवलंय कोण.”

फेबियनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. साठीचा तो माणूस हमसून हमसून रडायला लागला आणि फेलिशियाने मान खिडकीकडे वळवली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले.

“उद्या सकाळी मी पालिकेत जातो,” तो म्हणाला. “लिहून देतो सगळं. दंड होईल तो होऊ दे. सांगतो त्यांना, आम्ही वेगळे नाही, एकत्र राहतो.”

रोझलिनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि मीराला त्याचीच भीती वाटली.

“जा आणि मागचं सगळं खरं सांग,” त्या म्हणाल्या. “पण एकत्र राहतो म्हणून सांगू नकोस. आता ते खोटं होईल.”